पडून असलेल्या ॲमेनिटी स्पेसवर कलाबागा करा



गृहप्रकल्पांना परवानगी देताना सार्वजनिक सुविधांसाठी महापालिकेच्या ताब्यात आलेल्या कित्येक ॲमेनिटी स्पेस पुण्यात पत्र्याआड नुसत्या पडून आहेत. 2021 साली त्या दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनी कडाडून विरोध केला. तो योग्यच होता. पण जागा देऊ नका म्हटल्याने ती वाचत नाही. तिथे आधी राडारोडा येतो, मग गाड्या लागतात, मग टपऱ्या, आणि शेवटी तीच दुरवस्था पुढे करून जागा कुणाच्या तरी घशात घालणे सोपे होते. म्हणून माझी मागणी आहे की, यांपैकी ज्या जागा शाळा किंवा दवाखान्याला अपुऱ्या पडतात, त्या तिथल्या वस्तीला कलाबाग करण्यासाठी द्याव्यात.

कलाबाग म्हणजे निविदा काढून बसवलेली फायबरची हरणे असे मला म्हणायचे नाही; टाकाऊ वस्तूंतून लोकांनी स्वतः घडवलेली बाग मला अभिप्रेत आहे. चंडीगडचे रॉक गार्डन नेकचंद या रस्ते निरीक्षकाने 1957 पासून गुपचूप उभारले. शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या आणि कपबश्या हे त्यांचे साहित्य. जमीन सरकारी होती आणि परवानगी कसलीच नव्हती. प्रशासनाला ते सरळ पाडता आले असते. त्याऐवजी 1976 मध्ये बाग लोकांसाठी खुली केली गेली, नेकचंदांना त्याच कामावर पगारी नेमले आणि हाताखाली पन्नास मजूर दिले.

पुण्यात तर हात आणि साहित्य दोन्ही तयार आहेत. गणपतीच्या दहा दिवसांसाठी अख्खा महाल उभा करणारे सुतार, रंगारी आणि कार्यकर्ते इथल्या गल्लीगल्लीत आहेत. केशवनगरला कुंभार आहेत, अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी आहेत. कोणत्या सोसायटीतून फुटक्या फरशा निघतात, कुठून काच येते, हे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंइतके कुणालाच ठाऊक नसेल; त्यांना या कामात मोबदला आणि निर्णयात जागा मिळायला हवी. पु. ल. देशपांडे उद्यान देखणे आहे, पण तिथे आपण पाहुणे म्हणून जातो. ज्या भिंतीवर आपल्या मुलीने फरशीचा तुकडा बसवला, त्या भिंतीवर पान खाऊन थुंकणाऱ्याला माणूस हटकतो.

अडचण आहे ती कागदाची, म्हणजे जागेवरच्या लेखी हक्काची. फिलाडेल्फियाच्या साउथ स्ट्रीटवर इझाया झगार या कलाकाराने 1994 पासून एका ओसाड जागेत आरसे, बाटल्या आणि सायकलच्या चाकांची बाग घडवली. जागेच्या मालकाने 2002 साली ती विकायला काढली. लोक धावून आले, संस्था स्थापन झाली, म्हणून आज ‘मॅजिक गार्डन्स’ उभे आहे. न्यूयॉर्कमध्ये 1999 साली शंभराहून अधिक सामुदायिक बागा लिलावाच्या उंबरठ्यावरून देणगीदार संस्थांनी विकत घेऊन सोडवल्या. आपल्याकडे ऐन वेळी असे कोण धावून येणार? त्यामुळे पहिला तुकडा बसण्याआधी लेखी करार हवा.

याच्या उलट, दिलेली जागा बळकावली जाण्याची भीतीही खरी आहे. मुंबईत देखभालीसाठी खासगी संस्थांना दिलेल्या काही मोकळ्या जागांवर क्लब उभे राहिले, आणि 2016 मध्ये संस्थांकडून जागा परत घेण्याची वेळ महापालिकेवर आली. म्हणून आपल्याकडे मालकी महापालिकेचीच राहावी, करार पाच वर्षांचा असावा, कुलूप, प्रवेशशुल्क, पक्के बांधकाम आणि पुढाऱ्याच्या नावाची पाटी यांना करारातच मनाई असावी. बागेत मांडलेल्या पोकळ मडक्यांत पाणी साचून डास होतात. ती वाळूने भरण्याची अटही त्यात घालावी.

महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय पुण्यात 2006 पासून आहे. आजवर आपण तिथे बाक आणि पदपथच मागत आलो. या वेळी कलाबाग मागू या. त्याआधी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या पडून असलेल्या ॲमेनिटी स्पेसची यादी, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळासह, दारावर लावावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे