धरणावरचे दार आणि टोकाचे शेत



पाटाच्या टोकाला ज्याचे शेत आहे, त्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. आपल्या पिकाला पाणी केव्हा मिळायचे हे आपल्या हातात नसते. वरच्या अंगाला दार उचलले तर पाळी येते, दार पाडले तर जमीन भेगाळते. दार पाडणाऱ्याशी आपली ओळख नसते आणि भांडणही नसते. कदाचित आपले शेत तिथे आहे हेही त्याला ठाऊक नसते.

आज अशाच एका दाराची हकिगत सांगायची आहे. हे दार आहे अमेरिकेत, वॉशिंग्टनला. ते उचलायचे की पाडायचे हे ठरवण्यात तिथल्या सनातनी वळणाच्या ख्रिस्ती मंडळींचा मोठा हात आहे. आणि टोकाचे शेत म्हणजे आफ्रिकेतल्या किंवा नेपाळातल्या खेड्यापाड्यातला बायाबापड्यांचा दवाखाना. विषय कुटुंबनियोजनाचा आहे. हे पान घरातली लहानथोर सगळीच वाचतात, तरी संकोच नको. लाल त्रिकोण आपल्या गावच्या भिंतींवर कितीतरी वर्षे होताच की.

आधी ही मंडळी कोण ते पाहू. आपल्याकडे वारकरी वेगळे, महानुभाव वेगळे, तसे अमेरिकेतही ख्रिस्ती धर्माचे पुष्कळ पंथ आहेत. त्यांत बायबलचा शब्द हाच शेवटचा शब्द मानणारा एक मोठा वर्ग आहे. त्यांना इव्हँजेलिकल म्हणतात. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांची वस्ती विशेष दाट. त्यांच्यातल्या अनेक धर्मोपदेशकांचे पूर्वी म्हणणे असे की, आपले काम माणसाच्या आत्म्याचे, राजकारण आपले नव्हे. व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्गचे जेरी फॉलवेल यांनी १९६५ साली तसे प्रवचनच केले होते. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या धर्मोपदेशकांना तो टोला होता.

पण याच फॉलवेल यांनी १९७९ साली ‘मॉरल मेजॉरिटी’, म्हणजे नीतिमान बहुसंख्य, या नावाची राजकीय संघटना काढली. मधल्या काळात काय घडले? सरकारी शाळांतली प्रार्थना न्यायालयाने आधीच बंद केली होती. या लोकांनी काढलेल्या खासगी शाळांच्या करसवलतीवर सरकारने बोट ठेवले. आणि १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. (तो निकाल त्याच न्यायालयाने २०२२ साली फिरवला.) गर्भपात म्हणजे जीवहत्या, असे या मंडळींचे आणि कॅथलिक चर्चचेही मनापासूनचे मत. ते आपल्याला पटो न पटो, पण त्यामागे ढोंग आहे असे समजू नये.

त्यावेळी अमेरिकेचे अध्यक्ष होते जिमी कार्टर. भुईमुगाची शेती करणारा, रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षण देणारा हा भाविक माणूस. १९७६ साली या वर्गातल्या अनेकांनी त्यांना आपला म्हणून मते दिली होती. पण १९८० साली चर्चाचर्चांतून मतदारनोंदणी झाली, टीव्हीवरच्या प्रवचनांतून प्रचार झाला, आणि ही मते मोठ्या संख्येने रोनाल्ड रेगन यांच्याकडे वळली. रेगन निवडून आले.

निवडून दिले म्हणजे मागणेही आले. ऑगस्ट १९८४ मध्ये मेक्सिको शहरात संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली. तिथे अमेरिकेने एक नवी अट जाहीर केली. तिला ‘मेक्सिको सिटी धोरण’ म्हणतात. अमेरिकेच्या मदतीतून गर्भपातावर पैसा खर्च करायचा नाही, असा कायदा १९७३ पासून होताच. सिनेटर जेसी हेल्म्स यांनी तो करून घेतला होता. नवी अट त्याच्या पुढे गेली. कुटुंबनियोजनासाठी अमेरिकेचा पैसा घेणाऱ्या परदेशी संस्थेने दुसरीकडून आणलेल्या पैशातूनसुद्धा गर्भपाताची सोय करायची नाही, त्यासाठी बाईला कुठे पाठवायचे नाही, आणि त्या देशाचा कायदा सैल व्हावा म्हणून बोलायचेही नाही. आईच्या जिवाला धोका किंवा बलात्कार अशी थोडी प्रकरणे तेवढी वगळली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे आपण जाणतो. इथे मात्र एक पोळी दिली आणि घरातल्या सगळ्या चुलीच ताब्यात मागितल्या.

इथे आपल्या महाराष्ट्राचाही धागा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली, लोकांच्या शिव्या खात, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे १९५२ साली मुंबईतच जगभरचे कार्यकर्ते जमले. धन्वंती रामा राव आणि अमेरिकेच्या मार्गारेट सँगर त्यात पुढे होत्या. त्या बैठकीतून कुटुंबनियोजनाचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्माला आला. मेक्सिकोची अट आली तेव्हा या महासंघाने सही करायला नकार दिला आणि अमेरिकेचे पैसे गमावले.

यापुढची हकिगत म्हणजे दाराची उघडझाप. क्लिंटन आले, त्यांनी जानेवारी १९९३ मध्ये अट काढली. धाकट्या बुश यांनी जानेवारी २००१ मध्ये पुन्हा लावली. ओबामांनी २००९ मध्ये काढली. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये नुसती लावली नाही, तर वाढवली. आधी सुमारे साठ कोटी डॉलरच्या कुटुंबनियोजनाच्या मदतीला असलेली अट त्यांनी सुमारे नऊ अब्ज डॉलरच्या सगळ्या आरोग्यमदतीला जोडली. बायडेन यांनी २०२१ मध्ये काढली, ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये परत लावली. प्रत्येक वेळी अध्यक्षाची एक सही पुरली.

पण दवाखाना म्हणजे नळाची तोटी नव्हे. नर्सबाई तयार करायला वर्षे लागतात आणि लोकांचा विश्वास बसायला त्याहून जास्त. नेपाळचेच पाहा. तिथे गर्भपात केल्याबद्दल बायकांना तुरुंगात घालत. तो कायदा बदलावा या खटपटीत नेपाळचा कुटुंबनियोजन संघ होता. २००१ साली अट आली तेव्हा गप्प बसा किंवा पैसे सोडा, असा पेच पडला. संघाने पैसे सोडले. २००२ साली नेपाळचा कायदा बदलला, पण मदत तुटायची ती तुटली. केनियात अशा संस्थांवर दवाखाने बंद करायची वेळ आली. त्या दवाखान्यांत गर्भपातापेक्षा कितीतरी अधिक काम तांबी बसवण्याचे, गोळ्या देण्याचे, गरोदर बाई तपासण्याचे, पोरांना लस टोचण्याचे होते. ते सगळेच थांबले.

मग अटीने गर्भपात तरी कमी झाले का? अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या २६ देशांची १९९५ ते २०१४ या काळातली माहिती तपासली आणि २०१९ साली निष्कर्ष छापले. अट लागू असताना, अमेरिकेच्या मदतीवर जास्त अवलंबून असलेल्या देशांत, कमी अवलंबून असलेल्या देशांच्या तुलनेत गर्भपाताचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. संततिनियमनाची साधने वापरणे सुमारे १४ टक्क्यांनी घटले. अट उठली की हा फरक पुन्हा ओसरला. कारण उघड आहे. तांबी मिळाली नाही की नको असताना दिवस जातात, आणि मग बाई मिळेल त्या सुईणीच्या, मिळेल त्या औषधाच्या मागे जाते. जीव वाचवायला लावलेल्या अटीने जिवाचा धोका वाढवला.

आता तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. एड्सने आफ्रिकेत गावेच्या गावे ओस पडत होती, तेव्हा हा पापाचा दंड आहे असे म्हणणारे याच मंडळींत होते. पण मिशनचे डॉक्टर तिकडून परतले की वेगळे सांगत. नवऱ्याकडून रोग आलेल्या बायका, आईकडून रोग आलेली लेकरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बिली ग्रॅहम यांचे चिरंजीव फ्रँकलिन ग्रॅहम यांनी २००२ साली या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांची परिषद बोलावली. जेसी हेल्म्स, तेच वर उल्लेख आलेले, त्यांनी आपण आजवर काही केले नाही याची लाज वाटते, असे जाहीर कबूल केले. २००३ साली बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची योजना मांडली. मेक्सिकोची अट त्यांनी या योजनेला लावली नाही. तिने अडीच कोटी जीव वाचवले असा अमेरिकी सरकारचा हिशेब आहे. तिच्यातही लग्नापर्यंत संयम शिकवण्यासाठी प्रतिबंधाच्या पैशाचा तिसरा हिस्सा बांधून ठेवला होता, तो दंडक २००८ साली सैल झाला. तरी औषध पोचले हे खरे. तेच चर्च, तेच मतदार, पण एका दाराने पाणी अडवले आणि दुसऱ्याने सोडले.

आणि २०२५ साली अमेरिकेने परदेशी मदतीचे आपले खातेच मोडीत काढले, तेव्हा एड्सच्या कामाला धक्का बसला आणि ख्रिस्ती सेवासंस्थांचीही कामे अडली. दार एकाच्या हाती असले की असे होते.

आपण यातून काय घ्यायचे? कुठल्या धर्माला नावे ठेवण्याचे कारण नाही. श्रद्धेचे लोक संघटित झाले, त्यांनी मते दिली, आपले म्हणणे राज्यकर्त्यांना ऐकायला लावले, यात गैर काही नाही. गोम अशी की, मत देणारा लिंचबर्गला राहतो आणि त्याचे फळ केनियातल्या बाईच्या पदरात पडते. तिला त्या निवडणुकीत मत नाही.

आपल्या देशाने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ सालीच सुरू केला. तो मुख्यतः आपल्याच तिजोरीतून चालतो, आणि गर्भपाताचा कायदा आपल्या संसदेने १९७१ साली केला. म्हणून वॉशिंग्टनची सही आपल्या उपकेंद्राचे कुलूप लावू शकत नाही. उपकेंद्रात नर्सबाई वेळेवर येत नसेल, गोळ्या संपल्या असतील, तर जाब विचारायला ग्रामसभा आहे, आमदार आहे. ही सोय लहान समजू नका.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यावे लागले, तर ती ओंजळ केव्हा उघडेल हे आपल्याला कळत नाही. तहान भागली तरी आपली विहीर खणायची राहून जाऊ नये, एवढेच या वेळचे सांगणे.