पास्ता, पथ्य आणि आपले पथ्यपत्रक

तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर-अमरावती राष्ट्रीय महामार्गावर आहे. येथे चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा संबंध ढाब्यावरील शेवभाजीशी येतो, इटालियन भोजनाशी नाही. तथापि मागील हिवाळ्यात मुंबईतील एका प्रतिष्ठित इटालियन उपाहारगृहात दुपारचे भोजन करण्याचा प्रसंग आला आणि तेथे जे उमगले ते व्यवसायबंधूंपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

यजमान होती माझी भाची. नोकरीनिमित्त ती मुंबईस असते. अम्लपित्तासाठी वर्षभर माझ्याकडून औषध मागवीत असे. पुढे ते मागविणे थांबले. बरे वाटत असावे, असा मी समज करून घेतला होता. त्या दिवशी भोजनाची मागणी नोंदविल्यावर ती संकोचाने म्हणाली, “मामा, तुमच्या कागदावर पिझ्झा-पास्ता बंद असं लिहिलं होतं. ऑफिसच्या लोकांबरोबर इथे यावंच लागतं. पथ्य पाळलं जात नाही, मग औषध कशाला घ्यायचं, असं वाटलं. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही.”

हा रुग्ण माझ्या हातून निसटला तो औषधाच्या दोषाने नव्हे, माझ्या छापील पथ्यपत्रकाने. असे किती रुग्ण प्रत्येकाच्या हातून निसटत असतील, याचा विचार व्हावा.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराच्या परीक्षणासाठी प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काळ, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आयतने सांगितली आहेत. पदार्थ कोणत्या मुलखातील नावाने ओळखला जातो, हे त्यांत नाही. त्याच ताटाची परीक्षा या क्रमाने करून पाहू.

प्रकृतीने पास्ता हा कठीण गव्हाच्या रव्याचा पदार्थ. महाराष्ट्रातील कोरडवाहू काळ्या जमिनीत पिकणारा बन्सी गहू याच जातकुळीचा. आपल्या घरच्या शेवया आणि काडीवर गुंडाळून वाळविलेले सरगुंडे आठवावेत. पास्ता त्यांचा दूरचा नातलग होय. तो गुरू आहे, पण परका नाही. त्यावर शिंपडलेली हिरवी पाने ज्या वनस्पतीची, तिचेच बी आपण सब्जा म्हणून विकतो. टोमॅटोचा उल्लेख संहितांत नाही हे खरे; पण मिरचीचाही नाही. दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. इटलीलाही टोमॅटो सोळाव्या शतकापूर्वी ठाऊक नव्हता.

करण, म्हणजे संस्कार, येथे समाधानकारक होता: पदार्थ ताजा शिजविलेला व उष्ण होता. संयोगात मात्र दोष आढळला. दुधाची साय, आंबट टोमॅटो व मीठ एकत्र शिजविलेले होते. शेजारच्या मेजावर श्वेत रश्श्यात मासे होते; दूध आणि मत्स्य हे तर विरुद्धाहाराचे प्रसिद्ध उदाहरण. राशी अधिक होती. देशाचा विचार करता हा आहार तिच्या जन्मप्रांतीचा नाही, हे मान्य. काळ म्हणावा तर सकाळपासून केवळ चहावर राहून पावणेतीन वाजता पहिला घास. उपयोगसंस्थेत बर्फाचे पाणी, दूरध्वनी व कार्यालयीन चर्चा. शेवटी कॉफीयुक्त गोड पदार्थ. मधुर रस भोजनाच्या आरंभी घ्यावा हा सुश्रुतोक्त क्रम येथे उलटाच. उपयोक्ता म्हणजे खाणारी व्यक्ती: पित्तप्रधान, रात्री जागणारी.

सारांश, तिच्या व्याधीस कारण ठरणाऱ्या गोष्टींत ‘इटालियन’ हे विशेषण जवळजवळ निर्दोष सुटते. अवेळ, अतिमात्रा, शीतजल आणि साय व आंबट यांचा संयोग हे खरे अपराधी. आणि हेच अपराधी आपल्या महामार्गावरील ढाब्यावर, मलई घातलेल्या टोमॅटोच्या रश्श्यात, रात्री अकरा वाजता बसलेले असतात. त्यांना आपले पथ्यपत्रक हटकीत नाही, कारण त्यांचे नाव देशी आहे.

काही ज्येष्ठ म्हणतील की, ही शिथिलता आहे. देशसात्म्य पाहता घरची भाकरीच श्रेष्ठ. श्रेष्ठ आहेच. परंतु जे पाळले जाणार नाही ते पथ्य सांगून वैद्य केवळ स्वतःचे समाधान करतो. शिवाय सवयीचे अहितकर एकदम न सोडता पादांशिक क्रमाने सोडावे, हेही चरकाचेच सांगणे आहे. रुग्ण आहार लपवू लागला की आपण अंधारात चिकित्सा करू लागतो.

म्हणून एक सूचना. चूर्णाच्या डबीसोबत दिल्या जाणाऱ्या पत्रकावरील निषिद्ध पदार्थांची यादी कमी करून चिकित्सकांनी व औषधालयांच्या मालकांनी पाच प्रश्न छापावेत: केव्हा जेवता? भूक लागल्यावर जेवता काय? किती? जेवताना काय पिता? दुधासोबत आंबट, खारट वा मासे येतात काय? उत्तरे रुग्णाने लिहून आणावीत. कडक शाकाहारी रुग्णास आणखी एक गोष्ट सांगावी: पार्मेसान नावाचे पारंपरिक इटालियन चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात, तेव्हा मागणी करण्यापूर्वी चौकशी करावी.

भाचीस त्या मेजावरच सांगितले: येथे यावयाचे असेल तर ये, दुपारी बाराच्या सुमारास घरून थोडे खाऊन नीघ, सायीऐवजी जैतुनाच्या तेलातील पास्ता मागव, तोही अर्धा, सोबत कोमट पाणी घे. विकार समूळ गेला असे मी म्हणणार नाही. औषध मात्र पुन्हा सुरू झाले आहे, आणि आता ती काय खाल्ले ते खरे सांगते. चिकित्सेचा आरंभ तेथूनच होतो. इत्यलम्.