शाळा फुकट आहे, मग अडतं कुठं?

ऊसतोड कामगारांची मुलं शाळेत टिकावीत म्हणून धडपडणाऱ्या संस्थांवर नुकतेच एक लेखकमहाशय घसरले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं, गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा आहे. एवढं सगळं असून पोरं वर्गात नाहीत, कारण आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही. फुकटाची कुणाला असते? तेव्हा देणग्या गोळा करणं बंद करा आणि शाहू महाराजांनी मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता, तसा दंड सुरू करा.

आणखीही काही मुद्दे आहेत. संस्था फोटोपुरतं काम करतात म्हणे. काही करतात, काही जण मथळ्यापुरतं लिहितात. संस्थांमुळे सरकार आळशी होतं म्हणे. त्या कामी सरकारला बाहेरून मदत लागल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि फुकटाची किंमत नसते, हे नाममात्र फीवर सरकारी महाविद्यालयातून पदव्या घेऊन बाहेर पडलेल्यांनी सांगावं! कर भरणार रयत आणि शिकून पुढे जाणार वरचे, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडली होती. तक्रार करणाऱ्यांची तेव्हाही पंचाईतच झाली असणार.

पण ‘पालकांनाच नकोय’ हे जे पालुपद आहे, त्याबद्दल मला सावकाशीने बोलायचं आहे.

बीड, जालना, परभणी, नगरकडचं पाथर्डी-शेवगाव इथली गावं दसरा-दिवाळीच्या सुमाराला रिकामी होतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती दवाखान्यात, लग्नात, बियाण्यात गेलेली असते. ही उचल एकट्या माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको पोरांजवळ थांबली की कोयता अर्धा होतो आणि उचल तेवढीच अंगावर राहते. एक दिवस आजारी पडलं तरी खाडा लागतो. ‘आईने मुलांच्या शिक्षणासाठी मागे राहावं’ असा एक गोंडस सल्ला त्या लेखात आहे. राहिली, तर फेड कोण करणार? यावर लेखात एक ओळही नाही.

फडाजवळच्या तळावर कोप्या असतात. पहाटे चारला आईबाप तोडीला जातात. कोपीला दार नसतं. आत पिठाचा डबा, दोन पातेली, मेढीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत सहा महिन्यांचा भाऊ. दहा वर्षांची बहीण घागर घेऊन पाण्याला जाते तेव्हा झोळीचा ताबा शेजारच्या कोपीतल्या तिच्याएवढ्याच पोरीकडे. दुपारी वाढ्यांच्या पेंढ्या बांधायला तिचा हात लागतो. रात्री दीडला ट्रक आला की आईबाप मोळ्या भरायला उठतात आणि ही पुन्हा झोळीपाशी बसते. हिची शाळा कुणाला नकोय? तिच्या आईला विचारा. आईच्या जागी झोळीपाशी बसायला दुसरं माणूस द्या आणि मग विचारा.

समजा बसलं कुणीतरी. दोन किलोमीटरवरच्या शाळेत बाप तिला घेऊन गेला. तिथे विचारणा होते, दाखला कुठं आहे? नाव तर गावाकडच्या शाळेच्या पटावर! कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट लिहिलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण बापाजवळ कायदा नसतो, एक दिवसाचा खाडा असतो. मुख्याध्यापकही दरवेळी दुष्ट नसतात. मार्चमध्ये निघून जाणाऱ्या मुलाची ऑनलाइन नोंद करून पुढे उत्तरं कुणी द्यायची, एवढाच त्यांचा हिशेब. सीमेपलीकडच्या कारखान्यावर गेलेल्या मुलापुढे तर फळ्यावर कन्नड असतं. मग पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, टोळी गावी परतते, आणि पाचवीतलं पोर दुसरीचं पुस्तक अडखळत वाचतं. वर्ग हसतो. पुढच्या वर्षी ते आपणहून कोयता उचलतं, आणि आपण टिपण करतो: शिक्षणात रस नाही.

यावरून एक जुना वाद आठवला. शाळेत शिजवलेलं अन्न मिळू लागलं तेव्हा एका गृहस्थांनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं, आता मुलं शिकायला नाही, खिचडीला येतील. येऊ द्या की, मी म्हटलं, आली तर बसतील. त्यांचं समाधान झालं नाही. पुढे ते गणवेशावर घसरले, मग मुलींच्या सायकलींवर. प्रत्येक वेळी काळजी एकच, गरिबाचं चारित्र्य बिघडेल. त्यांच्या नातवाला शाळेची बस दारात न्यायला येते आणि संध्याकाळी शिकवणी घरी येते. त्याच्या चारित्र्याचं काय झालं, ते कळलं नाही.

आता शाहू महाराज. कोल्हापूर संस्थानात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, दंडही होता, सगळं खरं. पण त्याच राजाने 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला घेतली होती. म्हणजे राहायची-जेवायची सोय आधी झाली, दंड पुष्कळ नंतर आला. आमच्या लेखकमहाशयांनी रुपया तेवढा उचलला आणि वसतिगृह तिथंच ठेवलं. भाऊराव पाटलांनी साताऱ्याचं वसतिगृह चालवलं तेही घरोघरच्या मूठमूठ धान्यावर. त्यालाही देणगीच म्हणतात. आज कोल्हापूरच्याच उसात कोप्या पडतात, हे दंडवाल्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

संस्था करतात ते काम तसं साधं आहे. दसऱ्याआधी गावात बसून कोणत्या घरचे जाणार, कुणाकडे आजी आहे, याची यादी करायची. हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे, ती टोळ्या निघून गेल्यावर नाही, निघायच्या आधी सुरू होईल असं बघायचं. जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड पडेल याचा पाठपुरावा करायचा. तळावर पाळणाघर चालवायचं, म्हणजे बहीण मोकळी होते. आणि त्या बापाबरोबर मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी कलम 5 माहीत असलेलं एक माणूस उभं करायचं. यातून सगळी मुलं शाळेत येतील असं मी म्हणत नाही. संस्थांचे हात थोडे, तळ पुष्कळ.

सक्तीच करायची तर ती करायची जागा आहे. कारखान्याला गाळप परवाना देताना शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली किमान किंमत, थकली आहे का, ते बघतात. त्याच अर्जात आणखी रकाने घाला: तळावर मुलं किती, पाळणाघर कुठं, जवळच्या शाळेत नावं किती घातली. रकाना कोरा असेल तर धुराडं पेटू देऊ नका. तो नियम होईपर्यंत संस्थांच्या देणग्या बंद करा म्हणणाऱ्यांनी निदान एक हंगाम एखाद्या तळावर झोळीपाशी बसायला माणूस पाठवावा.