अ‍ॅपला काल नसतो

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी मी पितळी बॅरोमीटर विकत घेतला. विकणाऱ्याला ते बंद पडलेलं घड्याळ वाटत होतं आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. घरी येऊन खिळा ठोकला, तबकडी टांगली. काटा डावीकडे टोकाला जाऊन 'स्टॉर्मी' या शब्दावर बसला. बाहेर फेब्रुवारीचं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. चार दिवस काटा वादळावरून हलेना. रूममेटने विचारलं, "हे वादळ नक्की कुठल्या देशातलं?"

प्रश्न बरोबर होता. असल्या तबकड्यांवरचे शब्द इंग्लंडच्या हवेसाठी आणि समुद्रसपाटीसाठी लिहिलेले असतात. पुणं साधारण 560 मीटर उंचावर आहे. डोक्यावरची हवा तेवढी कमी, म्हणून इथला दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास. इंग्लंडच्या किनाऱ्यावर दाब एवढा उतरला तर लोक खरंच दारं-खिडक्या लावून बसतील. यंत्राच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. वेधशाळेने दिलेला समुद्रसपाटीचा दाब बघून तो बराच वेळ पिळला, तेव्हा कुठे काटा 'फेअर'जवळ आला.

पण हा लेख बॅरोमीटरच्या कौतुकाचा नाही. मला हवामानाच्या अ‍ॅपशी भांडायचंय. मी स्वतः अ‍ॅप बनवायच्याच धंद्यात आहे, त्यामुळे हे भांडण भाऊबंदकीतलं समजा.

माझा मामा श्रीवर्धन तालुक्यात भात करतो. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात त्याचा फोन आला. "काय रे, तुझ्या मोबाईलवर बघ बरं, आज-उद्या पाऊस दाखवतो का?" भात कापून खाचरात आडवं पडलं होतं. दोन दिवस ऊन मिळालं की झोडणी. मी मीटिंगमध्ये होतो. टेबलाखाली अ‍ॅप उघडलं, त्याच्या गावाचं नाव टाकलं आणि सांगितलं, "दहा टक्के आहे मामा. काही येत नाही." संध्याकाळी गडगडाट सुरू झाला आणि तासाभरात खाचरं भरली. आठवड्याने लोंब्यांना कोंब फुटले.

मामा रागावला नाही. "तुझे दहा टक्के माझ्याच खाचरात पडले," एवढंच म्हणाला. नंतर दिवाळीला गेलो तेव्हा जे बोलला ते जास्त लागलं. त्या दिवशी दुपारपासून पूर्वेला डोंगरावर ढग चढताना त्याने पाहिले होते. परतीचा पाऊस घाटावरून खाली उतरतो हे त्याला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. भात उचलायला माणसंही होती. पण शहरातला, इंजिनियर झालेला भाचा फोनवर 'काही येत नाही' म्हणाला होता.

आता कुणी म्हणेल, दहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. मान्य. असे पुष्कळ दिवस घेतले तर सरासरी दहातल्या एका दिवशी पाऊस पडायला हवा, नाहीतर तो अंदाज खोटा. दहा टक्क्यांचं 'काही येत नाही' मी केलं, ती चूक माझी. पण मग एक सांगा, अ‍ॅपचे दहा टक्के खरोखर दहा आहेत हे तपासायचं कसं? रीत एकच. ज्या ज्या दिवशी दहा म्हटलं ते सगळे दिवस बाजूला काढायचे आणि त्यातल्या कितींना पाऊस पडला ते मोजायचं. टक्क्याला याशिवाय दुसरा अर्थच नाही. आणि नेमकं हेच अ‍ॅप तुम्हाला करू देत नाही. उद्याचा आकडा आज दिसतो; उद्या उजाडला की त्या जागी नवा आकडा येतो आणि कालचा पुसला जातो. चार वाजता पाऊस सुरू झाला की चारच्या खान्यातला आकडा गुपचूप वर सरकतो. म्हणून अ‍ॅप कधी चुकलेलं सापडत नाही. त्याला काल नसतोच.

हे तांत्रिक अडचणीमुळे होतं असं कुणी सांगितलं तर हसा. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमधला एक स्वल्पविराम हलवला तरी तो कुणी हलवला, कधी आणि कशासाठी, याची नोंद ठेवतो. एका गावाचे वर्षभराचे सगळे अंदाज एका सेल्फीपेक्षा कमी जागेत मावतील. 'काल आम्ही या वेळेसाठी काय म्हटलं होतं' हे बटण दोन-चार दिवसांचं काम आहे. माझ्या फोनवर आजवर आलेल्या एकाही हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ते नव्हतं. कुठलं प्रॉडक्ट स्वतःच्या चुकांचा आलेख पहिल्या पानावर लावेल?

त्यात तो निळा ठिपका: 'तुमचं ठिकाण'. तो बघून वाटतं, कुणीतरी आपल्याच गच्चीवर उभं राहून सांगतंय. जगभराचं हवामान गणणारी मोठी मॉडेल्स पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि त्यातल्या चांगल्यांचाही चौकोन नऊ-दहा किलोमीटरचा असतो. सह्याद्रीत नऊ किलोमीटरमध्ये काय काय मावतं ते ताम्हिणीला गेलेल्या कुणालाही विचारा. तिथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, आणि पन्नासएक किलोमीटरवरच्या पुणे शहरात सातशेच्या आसपास. मधला उतार चौकोनात गुळगुळीत होतो आणि आपल्याला अगदी दारातला म्हणून दाखवला जातो.

आता माझा पितळी डबा. त्याच्या आत हवा काढून घेतलेली पातळ, वळ्यावळ्यांची धातूची डबी असते. बाहेरचा दाब वाढला की ती चेपते, कमी झाला की फुगते, आणि ती हालचाल तरफांनी काट्यापर्यंत पोचते. ल्यूसियाँ विदी या फ्रेंच माणसाने 1844 मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून आतली कल्पना फारशी बदललेली नाही. पण मला त्यातला सगळ्यात हुशार भाग वाटतो तो दुसरा काटा. तो कशालाच जोडलेला नसतो. काचेच्या मध्यावर गोल खुंटी असते. ती फिरवून तुम्ही हा काटा आत्ताच्या दाबावर आणून ठेवायचा आणि निघून जायचं. परत याल तेव्हा दोन काट्यांमधलं अंतर म्हणजे मधल्या वेळात हवेत झालेला बदल. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला कळलं होतं की आजचा आकडा कालच्याशेजारी ठेवल्याशिवाय निरुपयोगी आहे.

सुरुवातीला मी मूर्खासारखा फसलो. रोज दुपारी काटा तीन-चार हेक्टोपास्कल खाली यायचा आणि रोज मी पाऊस जाहीर करायचो. मग लक्षात आलं, हे रोजचंच आहे. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे पुन्हा खाली. हवेलाही भरती-ओहोटी असते. ती चंद्रामुळे नव्हे, मुख्यतः सूर्य वातावरण तापवतो त्यामुळे येते. इंग्लंडमध्ये ही लाट लहान असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांच्या चढउतारात बुडून जाते. आपल्याकडे ती इतकी नियमित की अंदाजे वेळ सांगता यावी. गेली पाच वर्षं मी हवामानाचं अ‍ॅप दिवसातून दहादा उघडत होतो. माझ्या खोलीतून रोज दोनदा जाणारी ही लाट मला ठाऊक नव्हती.

तेव्हापासून मी सकाळी साडेआठला नोंद करतो. वेधशाळाही मुख्य नोंद त्याच वेळी घेते आणि पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ मोजते. एकाच वेळेची कालशी तुलना केली की लाट गळून पडते आणि खरा बदल उरतो. जानेवारीपासून जुलैपर्यंत काटा हळूहळू दहाएक हेक्टोपास्कल उतरतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र मध्य भारतात सरकलं की इथला काटा कालच्यापेक्षा दोन-तीनने खाली दिसतो आणि घाटातून पावसाच्या बातम्या येतात. तबकडीवरच्या शब्दांना मात्र काही अर्थ नाही. जुलैत धो धो पावसातही काटा 'चेंज'वर आरामात बसलेला असतो.

मग या डब्याने मामाचं भात वाचवलं असतं का? नाही. ऑक्टोबरातला गडगडाटी पाऊस काट्याला आधी सांगून येत नाही. मी यंत्राची जाहिरात करत नाहीये. बॅरोमीटर 'पाऊस येणार' म्हणतच नाही. तो 'दाब इतका' म्हणतो आणि गप्प बसतो. पुढचं तुम्हाला करावं लागतं: वारा कुठून आहे, डोंगरावर काय दिसतंय, काल काय झालं होतं. अ‍ॅप हे सगळं तुमच्याकडून काढून घेतं आणि बदल्यात एक आकडा देतं. मामाने डोंगर बघितला होता. आकड्यापुढे त्याने स्वतःच्या डोळ्यांना गप्प केलं, आणि तो आकडा मी दिला होता.

इथे टाळ्या वाजवायला 'आपल्या पूर्वजांना सगळं कळायचं' पंथाचे लोक येतील, त्यांनी जरा थांबावं. दर वर्षी जूनमध्ये माझ्या फॅमिली ग्रुपवर नक्षत्रांची वाहनं येतात. हत्ती, बेडूक, म्हैस, म्हणजे पाऊस जोरात. गेल्या वर्षीच्या म्हशीने किती पाऊस दिला, हे कुणी लिहून ठेवलंय का? त्या ग्रुपलाही काल नाही. आणि वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद तर आजोबांच्या वेळचा. तो करणाऱ्यांपैकी एकानेही महिनाभर अंदाज आणि पाऊस शेजारीशेजारी लिहिलेले मी पाहिले नाहीत.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा इशारा त्याच हवामान खात्याने दिला होता, वेळेवर, स्वतःच्या नावाने. माणसं हलवली गेली. केंद्रातला दाब सुमारे 984, म्हणजे एरवीपेक्षा वीसएकने खाली. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपल्या, वीज गेली, टॉवर गेले. मामाशी बोलणं व्हायला कित्येक दिवस लागले. त्या दुपारी त्याच्या हातात फोन होता आणि त्यावर काहीही उघडत नव्हतं. वादळ अजून येतंय की पुढे गेलं, हे घरात बसून कळायचा मार्ग नव्हता. भिंतीवर काटा असता तर तो वर चढायला लागलेला दिसला असता.

ब्रिटनमध्ये 1859 च्या एका भीषण वादळानंतर अ‍ॅडमिरल फिट्झरॉय याने वादळाचे इशारे द्यायची व्यवस्था उभी केली. गरीब मच्छीमारांना होडी काढण्याआधी बघता यावेत म्हणून त्याने बंदरांवर बॅरोमीटरही बसवले होते. आपल्याकडे किती जेट्ट्यांवर, किती शाळांच्या भिंतींवर ते आहेत? आणि शेजारी मुलांनी भरलेली वही?

गंमत म्हणजे बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारी चिप आधीच असते. ती इतकी बारीक मोजते की एक मजला चढलात तरी तिला कळतं. तिचा उपयोग तुम्ही किती जिने चढलात ते मोजायला होतो. हवामानाचं अ‍ॅप दाबाचा जो आकडा दाखवतं तो बहुधा दूरच्या सर्व्हरवरून येतो, आणि खिशातल्या यंत्राला कुणी विचारत नाही. मी चाळीसेक ओळींचं एक अ‍ॅप लिहिलंय. ते साडेआठला दाब टिपतं, कालचा शेजारी दाखवतं, आणि अंदाज देत नाही. रूममेटच्या मते ते जगातलं सगळ्यात कंटाळवाणं अ‍ॅप आहे.

मामाच्या फोनमध्ये ती चिप नाही. त्याला मी दुसरा बॅरोमीटर नेऊन दिला, पडवीत लावला. समुद्रसपाटी जवळ, त्यामुळे स्क्रू फारसा पिळावा लागला नाही. तो कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीने आकडा लिहितो. खाली कधी 'पू. ढग', कधी 'वारा पडला', कधी नुसतीच फुली. फुली म्हणजे त्याला वाटलं होतं तसं झालं नाही.

परवा सकाळी पावणेनऊला फोन आला.

"एक हजार नऊ. कालच्यापेक्षा दोन खाली. तुझ्याकडे किती?"

"माझ्याकडेही दीडेक खाली. भात कापलं का?"

"उद्या कापणार होतो. थांब, गच्चीवर जाऊन डोंगर बघून येतो," म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून गेला.