अंगावर येणाऱ्यांचे काय करायचे?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी नात मैदानावरून आली ती थेट मोरीत गेली. गुडघ्याची माती धुवायला नळ जरा जास्तच मोठा सोडला होता. रडणे बाहेर ऐकू येऊ नये म्हणून, हे मी ओळखले. ती चौदा वर्षांची आहे, शाळेच्या कबड्डी संघात चढाया करते. त्या दिवशी आठ चढायांत पाच वेळा तिची पकड झाली होती.

जेवताना म्हणाली, "आबा, त्या मुली वाटच बघत नाहीत. मी आत गेले की अंगावरच येतात. मला विचारसुद्धा करू देत नाहीत."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, घाबरू नकोस, आणखी जोरात जा." ताटातला भात चिवडत तिने पुढचे वाक्य टाकले, "मी आता खेळणार नाही."

'आणखी जोरात जा' हे मी १९७९ साली इथेच, कल्याणात ऐकले होते. मातीचे मैदान, बांबूला टांगलेले दिवे आणि समोर मुंबईच्या गिरणगावातला एक संघ. आमच्या संघाची चढायांची भिस्त माझ्यावर होती. तोवर मला ठाऊक असलेले बचावपटू साखळी धरून मागे उभे राहत आणि माझी चूक होण्याची वाट पाहत. हे लोक पुढे येत. कोपऱ्यातला गडी माझ्या घोट्यावर झेप घेई आणि मी सावरायच्या आत दुसरा येऊन आदळे. दोनदा पकडला गेलो तेव्हा कप्तान ओरडला, "जोर लाव!" मी जोर लावला आणि आणखी चार वेळा पकडला गेलो. अंतिम सामना हरलो. पुढे दोन आठवडे त्या मैदानाच्या रस्त्याने जायचेसुद्धा मी टाळले.

आमचे मास्तर रेल्वेत फिटर होते. त्यांनी मला घरून बोलावून नेले, मध्यरेषेवर उभे केले आणि म्हणाले, "तू जेवढा जोरात गेलास, तेवढा त्यांच्या हातात आयता पडलास. अंगावर येणारा माणूस आपली जागा सोडून येतो. तू त्याच्याकडे बघत बसतोस. त्याने सोडलेली जागा बघ."

कबड्डीचा हिशेबच तसा आहे. कोपरारक्षकाने झेप घेतली की त्याचा कोपरा रिकामा होतो आणि शेजाऱ्याच्या हातातला त्याचा हात सुटतो. पकड फसली तर चढाईपटूला ज्याचा ज्याचा स्पर्श झाला, तो प्रत्येक जण बाद. म्हणजे आक्रमक बचाव हा मोठ्या रकमेचा जुगार आहे. तो साधला तर मैदान दणाणते आणि फसला तर एका चढाईत दोन-तीन गडी बाहेर. आमच्या कल्याणचा गिरीश इर्नाक प्रो कबड्डीत डाव्या कोपऱ्यातून घोट्यावर कसा येत असे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या जुगारातली ताकद सांगायला नको. पण तो जुगार आहे, हे चढाईपटूने विसरायचे नसते.

मास्तरांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. निदान रेषा लवकर ओलांडून मोकळे व्हायचे, म्हणजे पुढचा वेळ आपला. मग मध्यरेषेच्या जवळ खेळायचे, कारण पकडले गेलो तरी हात टेकवायला रेषा हाकेच्या अंतरावर हवी. आणि पाय दाखवायचा, पण द्यायचा नाही. समोरच्याला झेप घेऊ द्यायची, ती वीतभर तोकडी पडली की त्याच्या पाठीला हात लावून परत यायचे. पहिली चढाई गुणासाठी नसतेच, ती कोण आधी हलतो हे पाहण्यासाठी असते.

पुढे बऱ्याच वर्षांनी हेच तत्त्व मला अमेरिकेत भेटले. माझा पुतण्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहतो. रविवारी त्याच्या घरी फुटबॉल लागतो, त्यांचा, हातांनी खेळायचा. मला त्यातले काही कळेना. मग त्याने एक प्रकार दाखवला. त्याला ते 'ब्लिट्झ' म्हणतात. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू मागे उभा असतो, त्याच्यापुढे पाच धिप्पाड रक्षक. एरवी साधारण चार जण त्याच्यावर धावून जातात. ब्लिट्झमध्ये पाच, सहा, कधी त्याहून जास्त जण सुटतात. दोन-अडीच सेकंदांत माणूस जमिनीवर!

"मग याला उत्तर काय?" मी विचारले.

"काका, जो धावून आला, त्याची जागा रिकामी झाली ना? चेंडू पटकन तिथेच द्यायचा. नाहीतर त्यांना मुद्दाम आत येऊ द्यायचे आणि त्यांच्या डोक्यावरून मागे आपल्या गड्याकडे अलगद टाकायचा."

मी हसलो. आमचे फिटर मास्तर कल्याणच्या पुढे फारसे गेलेही नव्हते.

पुतण्याकडून आणखी एक गोष्ट कळली. ज्या १९७९ साली मी कल्याणात हरलो, त्याच साली बिल वॉल्श नावाचे गृहस्थ तिथल्या 'फोर्टी-नाइनर्स' संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सामन्याचे सुरुवातीचे डाव, कधी कधी पंचवीसपर्यंत, ते आधीच कागदावर लिहून ठेवत. गोंगाटात आणि धावपळीत डोके नीट चालत नाही, म्हणून विचार आदल्या दिवशी शांतपणे करून ठेवायचा. १९८८ च्या हंगामापर्यंत त्यांनी संघाला तीन अजिंक्यपदे मिळवून दिली.

आपल्याकडे याचा मोठा धडा इराणने दिला. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला मध्यंतराला आपण १३-१८ असे मागे होतो. अजय ठाकूरच्या उत्तरार्धातल्या चढायांनी सामना फिरला आणि आपण ३८-२९ जिंकलो. आनंदाच्या भरात मध्यंतराचा आकडा आपण विसरलो. दोनच वर्षांनी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत आपल्याला १८ गुणांत गुंडाळले आणि २७-१८ ने हरवले. १९९० पासूनची सलग सात सुवर्णपदकांची मालिका तिथे तुटली. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला, २७-२४ असा. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या परक्या देशात गेल्या, तिथली भाषा शिकल्या, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला. चोहोबाजूंनी माणसे चाल करून येत असताना श्वास ताब्यात ठेवणे ही पहिली तयारी, हे ओळखणाऱ्या बाई आपल्याच होत्या.

बँकेत तीसहून अधिक वर्षे काढल्यावर मला एक कळले आहे. जो तुम्हाला 'आत्ताच्या आत्ता सही करा' म्हणतो, त्याला तुम्ही एखादे पान वाचू नये असे वाटत असते. हल्ली फोनवरून 'डिजिटल अटके'ची धमकी देऊन म्हाताऱ्यांना लुटणारे हेच करतात. त्यांची सारी ताकद आपल्याला विचाराला वेळ न देण्यात असते. त्यांनाही उत्तर आधीच ठरलेले असावे लागते: फोन ठेवायचा आणि मुलाला लावायचा.

म्हणून माझी तक्रार 'जोरात जा' या सल्ल्याबद्दल आहे. नातीचे सर वाईट नाहीत. एकट्याने चाळीस मुलींना खेळवतात, तेही अर्ध्या मैदानावर. पण धिटाई म्हणजे डावपेच नव्हे. मुलगी हरते तेव्हा आपण तिला भित्री ठरवतो आणि तिला काय शिकवायचे राहिले, हे पाहत नाही. अशी किती मुले मैदान सोडून गेली असतील! पालकांनी आणि शाळांनी नव्या बुटांइतकाच खर्च एका वहीवर करावा. समोरचा संघ कसा खेळतो, कोण आधी हलते, आपल्या पहिल्या तीन चढाया कोणत्या, एवढे त्यात लिहिले तरी पुष्कळ.

त्या रात्री मी नातीला कागद दिला. तिने मैदान काढले, सात टिंबे मांडली आणि खूप वेळाने एका टिंबावर बोट ठेवले. "आबा, ही डाव्या कोपऱ्यातली. दर वेळी हीच आधी येते."

"मग तिच्या मागे काय उरते?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिने पेन्सिलीने तिथे एक लहानसे वर्तुळ काढले.

परवा त्यांचा त्याच संघाशी पुन्हा सामना झाला. आमच्या मुली तीन गुणांनी हरल्या. नातीची पकड दोनदाच झाली. घरी आल्यावर ती मोरीत गेली नाही, तशीच मातीच्या पायांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, शेवटी शेवटी त्यांना कळलं मी काय करते ते. दुसरा कागद आहे का?"