डॉक्टरांचे आत्मपर लेखन आणि वाचकाची ओढ

मराठीत लिहिणाऱ्या डॉक्टरांची परंपरा आता चांगलीच रुजलेली आहे. आरोग्यविषयक मार्गदर्शन, व्यवसायातील अनुभव, आत्मचरित्र असे नानाविध लेखन ही मंडळी करीत आली आहेत. परंतु यांपैकी वाचक नेमका कोणत्या लेखनाकडे ओढला जातो आणि का, हा प्रश्न समीक्षेने गौण मानलेला दिसतो. 'लोकप्रिय' हे विशेषण एकदा चिकटवले की विवेचनाची जबाबदारी संपते, असा सोयीस्कर समज त्यामागे असावा.

खेडहून कशेडी घाट उतरले की पोलादपूर आणि पुढे महाड लागते. या महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर संशोधन केले. दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदविली. प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ मध्ये तेथेच मांडला गेला. खेड-महाडकडील शेतकऱ्याच्या जिवाशी थेट निगडित असे हे लेखन आहे. तरीही मराठी वाचकाला बावस्कर भेटतात ते 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रातून, दारिद्र्याशी झगडत शिकलेल्या मुलाच्या रूपात. डॉ. अभय बंग यांच्याबाबतही हेच घडले. गडचिरोलीतील नवजात बालकांच्या मृत्यूंविषयीचा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. घरोघरी पोचलेले पुस्तक मात्र २००० मधील 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे होय.

शोधनिबंध इंग्रजीत आहेत, हे याचे एक कारण खरेच. पण ते पुरेसे नाही. मराठीतील आरोग्यविषयक पुस्तकेही गरज पडली की चाळली जातात आणि गरज सरली की फडताळात जातात. सामान्य वाचकाला भावविवशता प्रिय असते, असे दुसरे स्पष्टीकरण दिले जाते. तेही वरवरचे आहे. दवाखान्यातील संभाषण स्वभावतःच एकतर्फी असते. तेथे प्रश्न डॉक्टर विचारतो, उत्तर रुग्ण देतो. उघडा होतो तो रुग्ण, झाकलेला राहतो तो डॉक्टर. आत्मपर लेखनात हा क्रम उलटतो. इतरांना आरोग्य शिकविणारा डॉक्टर स्वतःच रुग्णशय्येवर येतो आणि आपल्या जीवनशैलीतील चुकांची कबुली देतो, तेव्हा वाचकाला केवळ माहिती मिळत नाही, तर एक प्रकारची बरोबरी लाभते. वाचकाची ओढ या बरोबरीची असते.

मात्र ही ओढ निर्माण करण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो सोपा आहे. स्वतःला उघडे करण्याऐवजी रुग्णाला उघडे करायचे. लेकरू दगावलेल्या आईचा आक्रोश, विषप्राशन केलेल्या सुनेची जबानी, शेवटच्या घटका मोजणाऱ्या वृद्धाचे शब्द यांनी वाचक हेलावतो, लेख गाजतो. 'नावे बदलली आहेत' अशी तळटीप दिली की लेखकाचे मन निर्धास्त होते. महानगरात कदाचित ती पुरेशी ठरेलही. खेडसारख्या तालुक्यात मात्र आजार, महिना आणि वाडी एवढे सांगितले की माणूस ओळखू येतो. रुग्णाचे गुपित उघड न करण्याचे बंधन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने घातले आहे. पण येथे प्रश्न केवळ नियमाचा नाही. जे दुःख विश्वासाने तपासणीच्या खोलीत सांगितले गेले, ते दिवाळी अंकात वाचण्याची वेळ त्या घरावर यावी काय?

रुग्णाविषयी लिहूच नये, असा याचा अर्थ नव्हे. तसे झाल्यास डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'सारखे, व्यवसायातील अपप्रवृत्तींवर बोट ठेवणारे लेखन अशक्य होईल, आणि मौनाचा लाभ दोषींनाच मिळेल. पण रुग्णाची कथा सांगताना लेखक स्वतः कोठे उभा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. तो केवळ त्राता म्हणून वावरत असेल, त्याचे निदान कधीच चुकत नसेल, त्याचा संयम कधीच सुटत नसेल, तर त्या लेखनातील करुणा आत्मगौरवाचे साधन ठरते. वाचकाचे डोळे ओलावतात. त्याची किंमत चुकवतो तो रुग्ण.

म्हणूनच या लेखनप्रकारावर प्रबंध लिहिताना आशयसूत्रांची यादी आणि आवृत्त्यांची संख्या देऊन थांबणे उचित नाही. वाचकसंख्या हा वाङ्मयीन गुणवत्तेचा निकष नव्हे, हे मान्यच; परंतु ती दुर्लक्षिण्याजोगी बाबही नव्हे. लेखन वाचकाला ओढते ते कोणाच्या किमतीवर, हा प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक पुस्तकाला विचारला पाहिजे. ती किंमत लेखकाने स्वतः मोजली असेल, तर त्या लेखनाला 'लोकप्रिय' म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार समीक्षेला उरत नाही.