वड्याचं तेल वांग्यावर

रोडपालीत सकाळच्या फेरीला आमच्या क्रिकेटवेड्या मंडळींचा एकच ठराव: संघ हरला, की सहायक प्रशिक्षक बदला. मला हे मुळीच मान्य नाही! ऑस्ट्रेलियात १-३ हरल्यावर एप्रिल २०२५ मध्ये आपल्या मुंबईच्या अभिषेक नायरला वर्षही न भरता घालवलं. मंडळी खूश. मग नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने घरी येऊन २-० धुतलं, तेव्हा नायर कुठे होता? कोलकात्यात १२४ हव्या होत्या, आपण ९३ धावांत आटोपलो. तिथे वॉशिंग्टन सुंदर तिसरा आला, गुवाहाटीत थेट आठवा! हा क्रम काय मदतनीस ठरवतो? वर्ग नापास झाला म्हणून शिपायाला काढायचं, ही कसली शाळा? ज्याचा निर्णय, त्यालाच जाब विचारा. पटतंय का?